मधला नट सोडायचा नाही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत ‘गाडीचे शॉकर घरी बदलणे’ हा विषय वाचून अनेकांनी आम्हाला विचारलं, हे काय व्याख्यान झालं? एरवी या व्यासपीठावर इतिहास असतो, संगीत असतं, फार तर मधुमेह असतो. पण आपल्या कितीतरी घरांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे, आणि लग्नकार्याला, दिवाळीला तीच गाडी धुळ्याला, नाशिकला, पुण्याला जाते. वाटेत सेंधव्यापुढे बिजासन घाटाचा उतार लागतो. त्या उतारावर ब्रेक दाबल्यावर चाक रस्त्याला धरून राहणार की उसळणार, हे ज्या नळकांड्यावर बरंचसं अवलंबून असतं, त्याची आज ओळख करून घेऊ.

आम्ही म्हणजे मंडळातलेच पाच जण. दोघे निवृत्त, दोघे नोकरीतले, आणि मोजमापाची वही सांभाळणाऱ्या आमच्या एक वहिनी. आमच्यातला एक जण पिथमपूरला कारखान्यात आहे, त्याच्याकडून आम्ही बाकीचे शिकलो. रविवारी एकमेकांच्या गाड्यांची कामं मिळून करायची, असा आमचा परिपाठ आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंदुरात मिस्त्री ‘शॉकर’ म्हणतो, पुण्या-मुंबईकडे ‘शॉकअप’ म्हणतात. पुढच्या चाकाला हा शॉकर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून जो एक खांब होतो, तो स्ट्रट. गाडीचं वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. खड्ड्यात ती दबते, पण एकदा दबलेली स्प्रिंग नुसती सोडली तर बराच वेळ नाचत राहते. तिला आवरायचं काम शॉकरचं. त्यात तेल असतं, आणि दट्ट्या ते तेल बारीक छिद्रांतून ढकलतो. नाचण्याची ताकद तेलात मुरते आणि तिची उष्णता होते. लांबच्या प्रवासानंतर शॉकर गरम लागतो तो यामुळे.

इथल्या ज्येष्ठांना अँबेसेडर आणि फियाट आठवत असतील. दोन्हींना मागे टांग्यासारखे पाटे होते. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांचा हा स्ट्रट आपल्याकडे घरोघरी पोचला. रचना तिच्याआधीची. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. त्याने ती जनरल मोटर्समध्ये असताना आखली, मग तो फोर्डमध्ये गेला, आणि 1950 साली लंडनच्या प्रदर्शनात फोर्डने मांडलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांना ती बसली. भाग कमी, जागा कमी, म्हणून छोट्या गाड्यांनी ती उचलली. आणि शॉकर ही आपल्याला लांबची वस्तूही नाही. गॅब्रिएल कंपनीचा शॉकरचा कारखाना आपल्या शेजारी देवासला आहे.

शॉकर गेला हे ओळखायचं कसं? त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा काळा चिकट थर दिसतो. नुसता ओलसरपणा असेल तर घाबरू नका. टायरवर तळहात फिरवला तर ठरावीक अंतरावर खळगे लागतात. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, दोन-तीनदा डोलली तर शॉकर संपला. मात्र डोलली नाही म्हणून तो चांगलाच आहे, असं समजू नका. आणि नुसत्या खडखड आवाजावरून तर निर्णय घेऊच नका. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटच्या डोक्यावरचं रबरी माउंट, ही मंडळीही तसाच आवाज करतात, आणि त्यांतली काही पुष्कळ स्वस्तात बदलता येतात. आधी ती तपासा.

शॉकर बदलायचे ठरले तर जोडीने बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला की गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही, आणि ते नेमकं वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला कळतं. शॉकरबरोबर माउंट, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबरी कव्हर हेही बघून घ्या. तेच खोलकाम पुन्हा करण्यापेक्षा ही रबरं आताच बदललेली बरी.

आता काम. जागा सपाट आणि पक्की हवी, मातीचं अंगण चालणार नाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावा आणि लगेच गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटांच्या थरावरही गाडी ठेवायची नाही, वीट सांगून फुटत नाही.

चाक काढलं की स्ट्रट पूर्ण दिसतो. आम्ही आधी मोबाइलवर फोटो काढतो आणि खालच्या दोन बोल्टांपाशी खुणा करतो, कारण काही गाड्यांत त्याच बोल्टांवर चाकाचा कल ठरतो. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची तार स्ट्रटला अडकवलेली असेल तर सोडवा, लिंक रॉड जोडलेला असेल तर तोही. स्ट्रट सुटला की चाकाचा नकल बाहेर कलंडतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो, म्हणून नकल दोरीने बांधून ठेवा. खालचे बोल्ट काढा. मग एकाने खालून स्ट्रट धरायचा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून वरचे, कडेचे दोन-तीन नट सोडायचे. स्ट्रट हातात येतो.

इथे जरा थांबू, कारण सगळा धोका इथेच आहे. वर कडेच्या नटांच्या मधोमध आणखी एक मोठा नट असतो. तो गाडीवर सोडायचा नाही आणि खाली काढल्यावरही सोडायचा नाही. गाडी उचलली, चाक लोंबलं, म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं वाटतं. तसं नसतं. स्ट्रट बाहेर काढला तरी ती दोन थाळ्यांमध्ये दाबलेलीच असते आणि तिला धरून ठेवणारा हा एकच नट असतो. छोट्या गाडीचं पुढचं एक चाकसुद्धा सुमारे अडीचशे किलो वजन पेलतं. त्या वजनासाठी घडवलेली स्प्रिंग नट सुटताच माउंटसकट उडाली तर समोर तोंड असो की छातीचा पिंजरा, ती बघत नाही.

स्प्रिंग दाबायला कॉम्प्रेसर मिळतो. आकडेवाले दोन लांब स्क्रू समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने थोडेथोडे आवळायचे, अशी त्याची रीत. आकडा निसटला किंवा एकच बाजू जास्त आवळली तर स्प्रिंग तिरकी होऊन सुटते. आमच्यातल्या कारखान्यातल्या मित्राला ते काम येतं. तरी आम्ही सर्वांनी मिळून ठरवलंय की हा टप्पा अंगणात करायचा नाही. दोन्ही स्ट्रट कापडात गुंडाळून दुसऱ्या गाडीतून मिस्त्रीकडे न्यायचे. त्याच्याकडे घट्ट बसवलेलं यंत्र असतं. तो शॉकर बदलून देतो, आणि आम्ही शेजारी उभे राहून स्प्रिंगचं टोक खालच्या थाळीतल्या खाचेत नीट बसलंय ना, एवढं बघतो. आपली गाडी तेव्हा स्टँडवर असते, त्यामुळे दुसरी गाडी आणि सोबत लागतेच. एकट्याने हे काम काढू नये, त्याचं हेही एक कारण आहे.

परत आल्यावर उलट्या क्रमाने जोडणी. आधी वरचे नट हाताने लावा, मग खालचे बोल्ट, मग खुणा जुळवा. लॉकिंगचे जुने नट पुन्हा वापरू नका. किती आवळायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. टॉर्क पाना त्या आकड्यावर लावायचा, मनगटाच्या अंदाजावर नाही. आमच्या वहिनी प्रत्येक नटाचा आकडा मोठ्याने वाचतात, आवळून झाला की वहीत खूण करतात, आणि खूण राहिलेली असेल तर गाडी खाली उतरू देत नाहीत. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकचा पाइप कुठे घासत नाही ना, ते पाहायचं.

त्यानंतर गल्लीतच हळू एक फेरी आणि थेट व्हील अलाइनमेंट. ती टाळली तर नवे टायरसुद्धा एका कडेने झिजतात.

तरुण मंडळींना एक सांगणं. व्हिडिओ बघून हात शिवशिवतात, शिवशिवायलाच हवेत. पाना हातात धरलेल्या माणसाला आपली गाडी कळू लागते, आणि पुढे मिस्त्रीशी बोलताना तो नेमका प्रश्न विचारतो. पण कामाला हात घालण्याआधी आपण कुठे थांबणार ते ठरवून घ्या. दुपारी चार वाजता, ग्रीसने माखलेल्या हातांनी, ‘आता एवढंच तर राहिलंय’ म्हणत घेतलेला निर्णय बरा नसतो.

जॅक, दोन स्टँड, लाकडी ठोकळे आणि टॉर्क पाना आम्ही मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत. वहीत नाव लिहून कुणीही न्यावेत, आणि हाक मारलीत तर आमच्यातला एखादा सोबतही येईल. स्प्रिंग कॉम्प्रेसर मात्र त्या कपाटात नाही, आणि आम्ही तो आणणारही नाही.