रजा कुणाची, प्रवास कुणाचा?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पैसे थोडे, रजा थोडी, तरी तू सारखी फिरतेस कशी, ते येऊन सांग, असं मला आयोजक ताईंनी सांगितलं. हा काय शिबिराचा विषय झाला, असं काहीजणींना वाटत असेल. सकाळी आपण पोटगीच्या केसेसवर बोललो, दुपारी रेशनवर बोलणार आहोत. मध्येच फिरणं कुठून आलं? पण मला वाटतं हा विषय पोटगीपासून फार लांबचा नाही. बाईच्या वेळेवर आणि बाईच्या पैशावर हक्क कुणाचा, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

आधी रजेचं बोलू. मी एम. एस. डब्ल्यू. झाले, सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेत काम करते. वर्षाला बारा किरकोळ रजा मिळतात. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं मी वहीत लिहून ठेवायचे, कोणती रजा कशाला गेली. नणंदेचं डोहाळजेवण, सासऱ्यांचा मोतीबिंदू, दिराच्या मुलाची बारशी, गावची जत्रा. आजारपणाला नाही म्हणायचं नाहीच. पण त्याच वर्षी नवऱ्याच्या रजा कुठे गेल्या तेही मी लिहिलं. त्यात मोतीबिंदू नव्हता. वडील त्यांचे, रजा माझी! वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा भांडण झालं नाही, ते गप्प झाले. पुढच्या तपासणीला ते स्वतः गेले. तुमच्या गटात हा खेळ घेऊन बघा. कोऱ्या कागदावर गेल्या वर्षीच्या सुट्ट्या लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचं, कुणासाठी. 'माझ्यासाठी' हा रकाना बहुतेकींचा रिकामा राहतो. आमच्याकडे एकीने त्यात 'दाढ काढली' असं लिहिलं होतं.

सणाची सुट्टी ही तर आपल्यासाठी सुट्टीच नसते. गणपतीत ऑफिस बंद आणि चूल दिवसभर चालू. सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात आलं. जवळपास पाच तास. शेतमजूर बाईला आणि घरकामगार बाईला तर पगारी रजा नावाची गोष्टच नाही. तिचा खाडा होतो. म्हणून 'वेळ काढा गं स्वतःसाठी' असा उपदेश मी कुणाला करत नाही. वेळ आधी कुणाकडून तरी परत घ्यावा लागतो.

दुसरी अडचण 'कशाला?' या प्रश्नाची. बाईने माहेरी जावं, दवाखान्यात जावं, देवाला जावं, त्याला कुणी हरकत घेत नाही. वारीचं मोठेपण मला याही बाजूने वाटतं, की शेकडो वर्षं बायकांना दोन-तीन आठवडे उंबऱ्याबाहेर राहण्याचं सबळ कारण तिने दिलं. पण देव नाही, दुखणं नाही, नुसतंच बघायला जायचं म्हटलं की भुवया उंचावतात. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक लिहिलं. काही कारण नसताना बाहेर असणं हाही बाईचा हक्क आहे, असं त्या म्हणतात. ते शहराबद्दल आहे, पण आपल्या तालुक्याच्या स्टँडवर तासभर नुसतं बसून बघा, म्हणजे पटेल.

आता पैशाचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत आहे. माझ्यासारखीच्या खर्चात याने खरोखर फरक पडला. २५ जानेवारी २०२५ ला भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरी अर्ध्यामुळे झेपतं. पण गाडीत बसलं की टोमणे ऐकू येतात. 'अर्ध्या तिकिटामुळे बायका उगाच हिंडायला लागल्या, पूर्ण पैसे भरणाऱ्याला जागा नाही.' या 'उगाच'ला उत्तर द्यायला आपण शिकलं पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सवलतींमुळे एसटी तोट्यात जाते, असं खुद्द परिवहनमंत्री म्हणाले होते. सवलत बंद होणार नाही असा खुलासा मागाहून झाला, पण असं बोलणं पुन्हा निघणारच. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला वेळेवर द्यायची असते. त्याचा हिशेब खिडकीपाशी बसलेल्या म्हातारीकडे मागू नये. आणि गाडीच नसेल तर सवलत घेऊन करायचं काय? २०२१-२२ च्या संपात किती महिने वाड्या-वस्त्यांवरच्या बायका वडापात कोंबून, मागतील ते पैसे देऊन जात होत्या, ते आपण पाहिलंय.

आपलं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूरहून निपाणीकडे निघालात की पुढच्या अंतराचे पूर्ण पैसे. तिकडे कर्नाटकात ११ जून २०२३ पासून तिथल्या रहिवासी बायकांना साध्या गाड्या मोफत आहेत. बेळगावकडच्या आपल्या मराठी मैत्रिणी ओळखपत्र दाखवून ऐटीत जातात, आणि शेजारी बसून आपण सुटे पैसे मोजतो!

मी कशी जाते ते सांगते. शनिवारी काम संपवून निघायचं, रविवार धरायचा, सोमवारची एक रजा टाकायची. वर्षाला अशा चार-पाच खेपा होतात, रजा चार-पाचच जातात. एकटी असेन तर गाडी अशी निवडते की उजाडल्यावर पोचवेल. पहाटे तीनला उतरवणारी गाडी तिकिटाला स्वस्त असली तरी मागाहून महाग पडते. रेल्वेने लांब जायचं तर स्लीपरच्या महिला कोट्यात विचारायचं. मेल-एक्स्प्रेस गाड्यांत एकट्या किंवा फक्त बायकांच्या गटासाठी सहा बर्थ असतात, आणि कितीतरी जणींना ते ठाऊकच नसतं. अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना रेल्वेत निम्मी सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाने काढली ती काढलीच.

ठिकाणं जवळची. खंडाळा तालुक्यातलं नायगाव, सावित्रीबाईंचं जन्मगाव. औंधला पंतप्रतिनिधींचं संग्रहालय. महाडचं चवदार तळं. पुण्याहून दौंडच्या लोकलने केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. लहानपणी ही बाई आईवडिलांबरोबर देशभर पायी हिंडली, पुढे अमेरिकेला गेली आणि १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. केडगावच्या फलाटावर आमच्या गटातली एक अंगणवाडी मदतनीस म्हणाली, 'बाई, हे पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते.'

मुक्कामाचं मात्र अवघड आहे. एका तालुक्याच्या गावी लॉजच्या मॅनेजरने मला आधार कार्ड बघून झाल्यावर विचारलं, 'बरोबर कोण आहे?' कुणी नाही म्हटल्यावर खोल्या भरल्या. माझ्यामागून आलेल्या दोघा पुरुषांना किल्ली मिळाली. 'एकट्या बाईला खोली देऊ नये असा कायदा आहे का? असेल तर दाखवा,' असं मी मोठ्याने विचारलं, तेव्हा त्यांनी मालकाला फोन लावला आणि जिन्याखालची एक खोली निघाली. मी राहिले. दाराला आतून खुर्ची लावून झोपले, हेही सांगते. आता आधीच फोन करून 'एकटी बाई आहे' असं स्पष्ट सांगते, नाव लिहून घेते. काही भक्तनिवासांतही एकटीला नाही म्हणतात. देवाच्या दारी ही तऱ्हा!

आणि मुताऱ्या. आपण सगळ्या प्रवासात पाणी कमी पितो, मग लघवीची जळजळ घेऊन घरी येतो. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, यावर मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालली. आपल्या स्टँडवर कडी आहे का, पाणी आहे का, दिवा आहे का, हे कोण बघतं?

आमच्या गटाने गेल्या वर्षीपासून प्रवासाची भिशी सुरू केलीय. दहाजणी, महिना तीनशे. जिची चिठ्ठी निघेल तिला तीन हजार. अट एकच: पैसे घरात घालायचे नाहीत, जायचं. दोघी मिळून गेल्या की खोलीचा खर्च निम्मा होतो, डबा घरचा. एकीची चिठ्ठी निघाली तेव्हा नवरा म्हणाला, त्यात मोटरची दुरुस्ती होईल. सगळ्याजणी तिच्या घरी चहाला गेलो. मोटर त्याने सोसायटीच्या पैशातून दुरुस्त केली, ती गणपतीपुळ्याला गेली. समुद्र तिने बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. तिथून फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही, नुसता लाटांचा आवाज ऐकवत राहिली.

दुपारच्या सत्राआधी मी प्रत्येक तालुक्याला एक कागद देणार आहे. आपल्या स्टँडवर रात्री दिवा, बाकं, मुतारी, शेवटची गाडी किती वाजता, एकट्या बाईला खोली देणारे लॉज कोणते, एवढं भरून आणा. निवेदन घेऊन आगारप्रमुखांकडे जाताना ते हाताशी लागेल.