यंत्र मेलेलं नाही
(राजूर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणातून)

मैत्रिणींनो, जुन्या संगणकावर लिनक्स बसेना की दुकानदार म्हणतो, भंगारात घाला. आधी पडद्यावर काय उमटलंय ते वाचा. ‘एक्स८६-६४ हवा, आय६८६ सापडला’ अशा अर्थाचं असेल, तर यंत्र धड आहे. ते ३२ बिटचं, आणि आपण घालतोय ६४ बिटची लिनक्स. डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. १२ वी आवृत्ती ३२ बिटमध्येही आहे, ती घ्या.

पण थांबा! पोटगीच्या, मारहाणीच्या तक्रारी त्याच डिस्कवर आहेत ना? ‘पूर्ण डिस्क वापरा’ म्हटलं की सगळं पुसलं जातं. आधी पेनड्राइव्हवर उतरवा, उघडून पाहा. तो कुलपात ठेवा; त्यात बायांची नावं आहेत. दुकानात तर मुळीच देऊ नका.