कागद कापावा, बोट नव्हे

(बचत गटाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



तुमच्या हातातले हे पुस्तक जरा बाजूने पाहा. वरची, खालची आणि पुढची कड कशी सरळ आहे! पुस्तक बांधून झाले की या तीन कडा यंत्राने कापतात. पुण्याला अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची आणि वह्यांची दुकाने ओळीने आहेत. तिथे वाकड्या कडेची वही कोणी घेईल का? गिऱ्हाईक ती खाली ठेवील आणि दुसरी उचलील.

आपल्या मालाचेही तसेच आहे. आपण पापड करतो, मसाला करतो. पाकिटावर नावाचे लेबल लावतो. कात्रीने कापले तर एक लेबल रुंद, एक अरुंद. मसाला चांगला असला तरी पाकीट गबाळे दिसते. म्हणून गटाने कागद कापायचे लहान यंत्र घ्यावे. त्याला ट्रिमर म्हणतात.

ही यंत्रे दोन तऱ्हेची मिळतात. एक अडकित्त्यासारखे. त्याचे लांब पाते वरून खाली येते. ते उघडे असते. दुसऱ्याचे पाते गोल असते. करंजीची कड कापायचे कातणे तुम्ही पाहिले आहे ना? तसेच ते फिरते. मात्र हे पाते एका डबीत बसवलेले असते आणि डबी रुळावरून सरकते. नवशिक्याला हे दुसरे बरे. पण मंडळी, पाते झाकलेले असले तरी धार ती धारच.

आता ते चालवायचे कसे, ते ऐका.

यंत्र पक्क्या टेबलावर ठेवा. मांडीवर किंवा हलत्या खाटेवर नको. कागदातल्या पिना आणि टाचण्या काढा. पिनेवरून गेले की पात्याची धार मोडते. कागदाची एक कड यंत्राच्या काटकोनी पट्टीला टेकवा. ती नीट टेकली तरच कापलेले टोक काटकोनात येते. मग वरची दाबपट्टी खाली करून कागद पक्का धरा. बोटे रुळापासून दूर ठेवा. दुसऱ्या हाताने डबी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात सरकवा. मध्ये थांबू नका. करवतीसारखे मागेपुढे घासू नका.

एका वेळी किती कागद घ्यावेत? यंत्रावर किंवा त्याच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा तो वाचावा. दहा लिहिले असतील तर दहाच्या वर जाऊ नये. हा आकडा साध्या, म्हणजे बहुधा ८० ग्रॅमच्या कागदाचा असतो. असा एक चौरस मीटर कागद ८० ग्रॅम भरतो. लेबलचा कागद जाड असेल तर संख्या कमी करावी.

सगळी गफलत इथेच होते. काम लवकर उरकावे म्हणून माणूस जास्त कागद घालतो. कागद कापत नाही, म्हणून जोर लावतो. जोर लावला की कागद सरकतो आणि हातही सरकतो. लेबल वाकडे होते ते जोराने, आणि बोट कापते तेही जोराने. म्हणून कापत नसेल तर जोर वाढवू नका, कागद कमी करा.

एक हिशेब करू. नेहमीचा ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. आपल्याला ७ सेंटिमीटरचे चौकोनी लेबल हवे आहे. रुंदीत ३ बसतात, लांबीत ४. एका कागदात १२ लेबले झाली. १०० लेबलांना ९ कागद पुरतात, वर ८ उरतात. आधी लांब पट्ट्या कापाव्या, मग पट्ट्यांचे तुकडे करावेत. पहिला कागद रद्दीचा घ्या. तो मोजून पाहा. बरोबर आला तरच चांगल्या कागदाला हात लावा.

कापलेली कड केसाळ दिसू लागली, तर पाते बोथट झाले असे समजा. पात्याखाली प्लॅस्टिकची पट्टी असेल तर तीही पाहा. तिला चर पडला असेल तर ती बदला. धार बोट फिरवून पाहू नये. रद्दी कापून पाहावी. काम झाले की डबी एका टोकाला न्यावी, कुलूप असेल तर लावावे आणि यंत्र मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

इतके करूनही बोट कापलेच तर? घाव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. घावात हळद, चुना, चहाची पूड भरू नका. रक्त थांबत नसेल किंवा घाव खोल असेल तर लगेच दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही डॉक्टरांना विचारा.

शेवटची गोष्ट जुन्या पात्याची. ते केरात टाकू नका. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. त्यांत बायकाच जास्त. त्या हातांनी कचरा निवडून पोट भरतात. आपल्या गावातही कोणीतरी केर उचलतेच. आपण टाकलेले पाते त्या माउलीच्या हातात घुसले, तर तिची मजुरी बुडते. म्हणून पाते जाड कागदात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात घाला आणि वर ‘धारदार पाते’ असे लिहा. डबा देताना तोंडीही सांगा. कागदाची कात्रणे मात्र कोरडी आणि वेगळी ठेवा. ती रद्दीत विकली जातात.

गटात एकीने हे काम नीट शिकावे आणि बाकीच्यांना शिकवावे. यंत्र पैसे देऊन पुन्हा आणता येते. बोट आणता येत नाही.