पुढची पदवी आणि घरचा हिशेब

(नेरडीगोंडा येथे संस्थेच्या रौप्यमहोत्सवात केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी विद्येचा महिमा गावा आणि खाली बसावे, हे सोपे आहे. परंतु ज्या संस्थेचा निधी बहुतांशी कापसाच्या पैशातून उभा राहिला, तिच्या व्यासपीठावर विद्येच्या खर्चाविषयीही मोकळेपणी बोलले पाहिजे. म्हणून आज आम्ही एक रुक्ष प्रश्न हाती घेत आहोत. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाल्यावर आणखी दोन वर्षे घालवून एम. ए., एम. एस्सी. किंवा एम. बी. ए. करावे काय, आणि केल्यास घातलेला पैसा परत येतो काय?

प्रथम खर्च पाहू. पुष्कळ घरांत खर्च म्हणजे फी, एवढेच धरले जाते. खरा खर्च चार पदरी असतो: फी, परगावी राहण्याजेवण्याचा खर्च, कर्जाचे व्याज, आणि त्या दोन वर्षांत जी कमाई झाली असती ती. हा चौथा पदर कोणीच मांडत नाही.

उदाहरण घेऊ. चार लाख रुपये कर्ज दहा टक्क्यांनी काढले. शिक्षणाची दोन वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष मिळून तीन वर्षांचे सरळ व्याज एक लाख वीस हजार झाले. पुढे सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८,६३० रुपये हप्ता बसतो, आणि एकूण सव्वासात लाख भरावे लागतात. त्या दोन वर्षांत महिना बारा हजारांची नोकरी सोडली असेल, तर २,८८,००० रुपये आणखी धरा. म्हणजे चार लाखांची पदवी दहा लाखांना पडली! या पदवीमुळे पगार महिना पाच हजारांनीच वाढणार असेल, तर हे दहा लाख भरून निघण्यास सुमारे सतरा वर्षे लागतील. पगार पंधरा हजारांनी वाढणार असेल, तर सहा वर्षांच्या आत हिशेब पुरा होतो. पदवी तीच, कर्जही तेच. फरक पडला तो तिच्या शेवटी असलेल्या कामामुळे.

यावरून पहिला नियम निघतो. आधी काम पाहावे, मग पदवी. माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचे तर पदवी आणि बी. एड. पुरते, एम. ए. ची अट नाही. बँकेची किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा पदवीधरास देता येते. परंतु ज्युनिअर कॉलेजात अधिव्याख्याता व्हायचे तर एम. ए. किंवा एम. एस्सी. पाहिजेच, आणि पदवी महाविद्यालयासाठी त्यातही ५५ टक्के गुण व नेट अथवा सेट पाहिजे. जेथे दार त्या किल्लीनेच उघडते, तेथे किल्ली घ्यावी. नोकरी मिळत नाही म्हणून वेळ काढण्यासाठी घेतलेली पदवी मात्र बहुधा महागात पडते. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांत बेकारी शेकडा ३.२ होती, तर पदवीधरांत ती शेकडा १३.४ होती. याचा अर्थ शिकू नये असा नव्हे. कागद हातात आला म्हणजे काम आपोआप दारी येते, ही समजूत सोडावी, असा आहे.

दुसरा नियम असा की, गुणवत्तेने मिळणारा पैसा आधी शोधावा, कर्ज मागून. गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम. टेक. करणाऱ्यास महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. संशोधनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली आहे. आपली मुले सीमा ओलांडून नांदेडलाही शिकावयास जातात. जाण्यापूर्वी आपल्या राज्याची शिष्यवृत्ती तेथे लागू होते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

मोठ्यांनी हा खर्च कसा पेलला? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या अटीची होती. १९१५ साली ते एम. ए. झाले. मुदत सरल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. पुढे सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. त्या विद्येचे मोल पगारात मोजता येणार नाही, हे खरेच. पण ध्यानात घ्यावे ते हे, की एवढ्या बुद्धिमान पुरुषालाही पैशाची सोय टप्प्याटप्प्याने लावावी लागली.

आता घरातली एक गोष्ट. मुलाच्या वरच्या शिक्षणासाठी एकर विकण्याचा विचार होतो. मुलीची वेळ आली की तोच पैसा लग्नासाठी राखावा, असे ठरते. हिशेबाला मुलगा-मुलगी कळत नाही. ज्या मुलीच्या पदवीच्या शेवटी काम आहे, तिची पदवी कामाविना घेतलेल्या मुलाच्या पदवीपेक्षा अधिक फायद्याची आहे. आणि जमीन तर कोणासाठीच विकू नये. कर्ज सात वर्षांत फिटते. विकलेले एकर पुन्हा आपले होत नाही.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला, तो दान म्हणून नव्हे, तर परतफेडीच्या शिष्यवृत्तीसाठी. एकाने फेडलेला पैसा पुढच्याच्या उपयोगी पडावा, हे त्यातले मर्म. आपणही शाळेच्या मुलांना मदत द्यावी ती सरळ दान म्हणून. आणि वरच्या पदवीसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे, ते नोकरी लागल्यावर हप्त्यांनी परत घ्यावे. अर्जाबरोबर दोनच गोष्टी मागाव्यात: चारही पदरांचा खर्च, आणि त्या पदवीच्या शेवटी कोणते काम आहे ते. तो कागद घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून भरला, तर निम्मे काम तेथेच होईल.

रौप्यमहोत्सवात उभा राहिलेला निधी सुवर्णमहोत्सवापर्यंत असा फिरत राहिला, तर एकाच रुपयावर कितीतरी मुले शिकतील, आणि आपल्या शिवारातली जमीनही आपल्याच नावावर राहील. ही सूचना विश्वस्त मंडळींनी विचारात घ्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.