पडद्यावरील हिंसा आणि बालमन

‘आमचा मुलगा टीव्हीवर मारामारी पाहतो, पण कुणावर हात उगारत नाही, त्याच्यावर काहीच परिणाम झालेला नाही,’ असे अनेक पालक समाधानाने सांगतात. हे समाधान कितपत खरे आहे?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९६५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतील ६६ मुलांना दूरचित्रवाणीसारख्या पडद्यावर एक छोटी फिल्म दाखविण्यात आली. तीत एक मनुष्य हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला ठोसे मारतो, हातोड्याने बडवतो. एका गटाने त्या मनुष्यास शेवटी बक्षीस मिळालेले पाहिले, दुसऱ्याने शिक्षा झालेली पाहिली. तिसऱ्या गटाच्या फिल्ममध्ये दोन्ही नव्हते. नंतर तसाच बाहुला समोर ठेवला असता शिक्षा पाहिलेल्या मुलांनी सर्वांत कमी अनुकरण केले. मग प्रत्येक मुलास सांगण्यात आले, पाहिलेले करून दाखवलेस तर बक्षीस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांतील फरक मावळला! शांत राहिलेली मुलेही सारे शिकली होती. त्यांनी ते केवळ दाखविले नव्हते.

रोवेल ह्यूसमन व सहकाऱ्यांनी १९७७ पासून पाहणीत असलेल्या तीनशेहून अधिक मुलांची सुमारे पंधरा वर्षांनंतर पुन्हा भेट घेतली. लहानपणी पडद्यावरील हिंसा अधिक पाहणारे मोठेपणी अधिक आक्रमक आढळले, हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंसक नायकाशी एकरूप होणाऱ्या मुलांवर परिणाम अधिक होता. अर्थात दूरचित्रवाणी हे एकमेव कारण नव्हे. घरातील वातावरण, उपेक्षा, मारझोड यांचाही त्यात वाटा असतो.

आपल्या आचार्यांनी हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत. नायकाने शत्रूला लोळविले की टाळी वाजविणारा बालक हिंसा करीत नाही. पण तिला अनुमोदन द्यावयास शिकतो. आपण शेजारी बसून गप्प राहिलो, तर ते मौनही त्याला संमतीच वाटते.

म्हणून केवळ बंदी घालून भागणार नाही. आता तर पडदा मुलाच्या हातातील मोबाईलमध्येच आला आहे. त्याच्यासोबत बसून पाहावे. ‘त्या माणसाला किती लागले असेल? मारल्याशिवाय हा प्रश्न सुटला नसता का?’ असे विचारावे. जेवताना पडदा बंद ठेवावा आणि हा नियम प्रथम वडीलधाऱ्यांनी पाळावा. मूल आपल्याकडे पाहून शिकते, हेही त्या प्रयोगाचेच सार आहे.