मोत्याचं दुखणं



आमचा मोत्या पग जातीचा, लहानसा. गेल्या वर्षी तो डावीकडेच गोल फिरू लागला, भिंतीला डोकं टेकून उभा राहू लागला. मग झटके. वालीवच्या आमच्या चाळीत एकच बोभाटा : पिसाळला, हायवेपलीकडे सोडून या! आम्हीही घाबरलो, खोटं कशाला सांगू.

हाताला गोणपाट गुंडाळून त्याला टोपलीत घातला आणि परळचं बैलघोडा इस्पितळ गाठलं. चावलाय का, लस दिलीय का, हे डॉक्टरांनी आधी विचारलं. पुढे एमआरआय आणि मणक्यातलं पाणी तपासून कळलं : मेंदूला सूज. शरीराची राखण करणारी शक्तीच मेंदूवर उलटलेली. हे दुखणं माणसाला लागत नाही, पिसाळणं वेगळं. (कुत्रं चावलंच तर मात्र अंदाज बांधत बसू नका. जखम साबणानं १५ मिनिटं धुवा, लस घ्या.)

पूर्ण बरा होईल अशी हमी कुणी दिली नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या बहुधा जन्मभर. एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं. तहान, भूक, लघवी वाढते, सोसायचं.

‘सोडून या’ म्हणणाऱ्यांचीच पोरगी, आम्ही दुसऱ्या पाळीला गेलो की, भाकरीच्या तुकड्यात गोळी देते. उजव्या डोळ्यानं त्याला दिसत नाही. ती डावीकडून हाक मारते.