मशीनमध्ये पाणी येत नाही?

वॉशिंग मशीनचे दिवे लागतात, पण पाणी काही येत नाही. अशा वेळी मेकॅनिकला फोन लावण्याआधी नळ पूर्ण उघडा आहे ना, पाइप भिंतीशी दबून मुडपलाय का, ते पाहा.

तेवढ्यानं भागलं नाही, तर प्लग काढा, नळ बंद करा आणि मशीनच्या मागचा पाइप सोडवा. खाली बादली ठेवा. जोडाच्या तोंडाशी बारीक जाळी दिसेल. टाकी धुतल्यावर किंवा बोअरचं पाणी आल्यावर रेती, गंजाचा चुरा इथंच अडकतो. पकडीनं जाळी हलकेच ओढा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि परत बसवा. जाळीशिवाय मशीन मुळीच चालवू नका. कचरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो.

गच्चीखालच्याच मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण वेगळी. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनपेक्षा साधारण ३ मीटर उंच हवं. नसेल, तर प्रेशर पंप बसवणं भाग आहे.

दाब ठीक, जाळी स्वच्छ, तरीही पाणी नाही? मग व्हॉल्व्हची कॉइल जळलेली असू शकते. तिथं मात्र हात घालू नका, मेकॅनिकलाच बोलवा.